अँकी आणि क्यूबँक: दोन्हींत प्रश्नच, पण कामं दोन

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षापासून हॉस्टेलमध्ये एक वाक्य सारखं कानावर येतं: "मी क्यूबँक सोडवतोय, मग अँकी वेगळं कशाला?" उलट बोलणारेही तेवढेच: "माझी रोजची कार्डं होतात, एमसीक्यू इंटर्नशिपला बघू." दोघांचा समज एकच. मोबाइलवर प्रश्न येतो, आपण उत्तर देतो, म्हणजे एक केलं की दुसरं आपोआप झालं. प्रत्यक्षात अँकी, म्हणजे फ्लॅशकार्डांचं ॲप, तुमच्या विसरण्याशी झगडतं आणि क्यूबँक, म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांचा (एमसीक्यूंचा) साठा, तुमच्या चुकीच्या निवडीशी. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की तास भरपूर जातात आणि गुण जागचे हलत नाहीत.

अँकी हे फ्लॅशकार्डांचं सॉफ्टवेअर. डेमियन एल्म्स यांनी जपानी शिकताना ते बनवलं, २००६ मध्ये ते बाहेर आलं, आणि जगभरच्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी ते आपलंसं केलं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात. कार्डाच्या पुढच्या बाजूला एक छोटा प्रश्न, मागे उत्तर. उत्तर मनात आठवायचं, मग कार्ड उलटायचं आणि किती जमलं ते चार बटणांपैकी एक दाबून सांगायचं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. त्यावरून हे कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ॲप ठरवतं. नीट आठवत गेलं तर आधी एक दिवस, मग दोन-तीन दिवस, मग आठवडा, असं अंतर वाढत महिन्यांवर जातं. हा हिशेब बरीच वर्षं प्योत्र वोझनियाक यांच्या १९८० च्या दशकातल्या पद्धतीवर चालायचा. २०२३ पासून एफएसआरएस नावाची नवी पद्धतही अँकीतच मिळते.

इथे एक गोष्ट फार थोडे जण समजून घेतात. एफएसआरएसमध्ये आठवण्याचं लक्ष्य मुळात ९० टक्क्यांवर ठेवलेलं असतं. म्हणजे समोर आलेल्या दहा कार्डांतलं एखादं तुम्ही विसरावं, हे ॲपने गृहीतच धरलेलं आहे. रोज काही कार्डं चुकतात म्हणून 'माझी स्मरणशक्ती गेली' असं म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आणि उत्तर आठवलं नाही तर 'अगेन'च दाबायचं. लाजेपोटी 'हार्ड' दाबणारे पुष्कळ आहेत. 'हार्ड'चा अर्थ 'आठवलं, पण कष्टाने' असा. ॲप तुम्हाला पास धरतं आणि कार्ड आणखी लांब ढकलतं.

क्यूबँकेला तुमच्या विसरण्याचं फारसं सोयरसुतक नाही. मॅरो, प्रेपलॅडर यांसारख्या ॲपमध्ये विषयवार मॉड्यूल असतात. रुग्णाची चार-पाच ओळींची हकीकत, चार पर्याय, आणि उत्तर दिल्यावर लांबलचक स्पष्टीकरण. खरा माल त्या स्पष्टीकरणात असतो, विशेषतः बाकीचे तीन पर्याय का नाहीत, या भागात. तोच भाग बहुतेक जण 'नेक्स्ट' दाबून ओलांडतात. ही सगळी बांधणी नीट-पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, साच्यावर बेतलेली आहे: २०० प्रश्न, साडेतीन तास, बरोबरला ४, चुकीला वजा १. प्रश्नामागे साधारण ६३ सेकंद. २०२४ पासून तर ४० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला ४२ मिनिटं, आणि वेळ संपली की मागच्या भागात परत जाता येत नाही. एम्सची नर्सिंग ऑफिसर पदासाठीची नॉरसेट परीक्षाही पर्यायांचीच, त्यामुळे बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींनाही हा घोळ परका नाही.

फरक डोळ्यांसमोर यावा म्हणून आपल्याच मातीतला एक विषय घेऊ. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं काम करून प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. यावर अँकीचं कार्ड असं बनेल: 'लाल विंचवाच्या विषबाधेवर औषध कोणतं?' मागे: 'प्राझोसिन.' तीन सेकंदांचं काम. चार महिन्यांनी विचारलं तरी तोंडावर यायला हवं, आणि अँकीमुळे ते येतं.

आता क्यूबँकेच्या धाटणीचा प्रश्न बघा. रायगड जिल्ह्यातला ९ वर्षांचा मुलगा. अर्ध्या तासापूर्वी पायाला विंचू चावला. ठणका प्रचंड, मूल रडतंय. घाम नाही, उलटी नाही, हातपाय गरम, नाडी आणि रक्तदाब वयाला साजेसे. आता काय कराल? पर्याय: प्राझोसिन, ॲट्रोपिन, स्टेरॉइड, किंवा वेदना कमी करून लक्ष ठेवणं. ज्याने नुसती कार्डं घोटली आहेत त्याचं बोट 'विंचू' वाचताच प्राझोसिनवर जातं, आणि वजा १. कारण नुसता ठणका असेल तर वेदनाशमन करायचं आणि मुलाला नजरेखाली ठेवायचं. तोच मुलगा दोन तासांनी घामाने निथळला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, रक्तदाब चढला, की प्राझोसिनची वेळ आली. मग पुढचा प्रश्न: ते दिल्यावर मुलाला उठून बसू द्यायचं का? नाही, रक्तदाब एकदम उतरू शकतो. कार्डावर औषधाचं नाव होतं. ते कोणाला, कधी आणि कोणती काळजी घेऊन द्यायचं, ते नव्हतं.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. प्राझोसिन हे नावच वेळेवर आठवलं नाही, तर हकीकत कितीही हुशारीने वाचा, उपयोग शून्य.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. पहिलं, क्यूबँकेतल्या अख्ख्या एमसीक्यूचा स्क्रीनशॉट काढून अँकीत टाकणं. तिसऱ्या वेळी तुम्ही तो प्रश्न वाचतच नाही. 'रायगडचा मुलगा' दिसला की उत्तर 'लक्ष ठेवणं'. प्रश्न ओळखीचा झाला, विषय जिथल्या तिथेच राहिला. चुकलेल्या प्रश्नातून एकच कच्चा दुवा काढायचा आणि त्याचं एका ओळीचं कार्ड करायचं, उदाहरणार्थ 'विंचूदंशात प्राझोसिन केव्हा सुरू करायचं?' दुसरं, तेच मॉड्यूल तिसऱ्यांदा सोडवून ९० टक्के आले म्हणून खूश होणं. पहिल्या फेरीचे टक्के काहीतरी सांगतात. नंतरचे टक्के मुख्यतः इतकंच सांगतात की उत्तर 'क' होतं हे तुमच्या लक्षात राहिलं.

दोन्ही प्रकार नुसत्या वाचनापेक्षा बरे, हे मात्र नक्की. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा स्वतःची परीक्षा घेणारे. व्हिडिओ दुप्पट वेगाने बघून 'विषय झाला' म्हणणाऱ्यांना ती पहिली पाच मिनिटंच आठवत असावीत.

तयार डेकांबद्दल, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या अँकी कार्डांच्या गठ्ठ्यांबद्दल, थोडं खडूसपणे सांगतो. अनकिंगसारखे प्रसिद्ध डेक अमेरिकेच्या यूएसएमएलई या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेसाठी बनलेले आहेत. शरीररचना, औषधांची कार्यपद्धती यांसाठी उत्तम. पण क्षयरोगाचं घ्या. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, म्हणजे इथॅम्ब्युटॉल हे औषध शेवटपर्यंत सुरू. अमेरिकेतल्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या पद्धतीत पुढचे चार महिने दोनच. कार्ड अचूक, फक्त देश चुकीचा. आणि अँकी ते तुमच्या डोक्यात इतकं पक्कं बसवेल की पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) तोंडी परीक्षेत तेच बाहेर येईल.

आकड्यांचा ताणही दोघांचा निराळा. अँकीत चार दिवस सुट्टी घेतली की राहिलेल्या कार्डांचा ढीग साचतो. उपाय साधा: नवीन कार्डं बंद करायची, जुनी रोज ठरावीक संख्येत उरकायची. मुळात दिवसाला २० नव्या कार्डांची मर्यादा असते, ती उत्साहात १०० करणाऱ्यांचाच ढीग सहसा हाताबाहेर जातो. क्यूबँकेत मात्र बाकीच्यांशी तुलना समोर येते, रँक दिसतो, आणि त्याचे स्क्रीनशॉट बॅचच्या ग्रुपवर फिरतात. तो ग्रुप नोट्ससाठी चांगला, मन मोकळं करायला बहुधा नाही. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे: सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या थिअरी पेपरला यांपैकी एकही पुरत नाही. तिथे एमसीक्यूंचा वाटा लहान, बाकी सगळं हाताने लिहायचं, आकृत्यांसकट. प्रॉफच्या, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य परीक्षेच्या, आधीचा महिना-दीड महिना जुने पेपर वेळ लावून लिहून काढण्यात गेला पाहिजे. तेवढ्या काळात क्यूबँक मिटवून ठेवली तरी चालेल. अँकीची जुनी कार्डं मात्र चालू ठेवावीत, नाहीतर परीक्षेनंतर तो ढीग वाट बघत बसलेला असतो. इंटर्नशिपमध्ये तर वाटणी वेळेवरूनच ठरते. ओपीडीत केसपेपर यायची वाट बघताना, लोकलमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत पंधरा-वीस कार्डं होतात. क्यूबँक अशी तुकड्यांत करू नये. नाइट ड्यूटीनंतरची झोप झाल्यावर, फोन सायलेंटवर टाकून, ४० प्रश्न आणि ४२ मिनिटं सलग, आणि त्याच्या दुप्पट वेळ स्पष्टीकरणांना.