कलिंगड घरी नेताय? मग एवढं वाचाच

नमस्कार मंडळी, होळी झाली की आमच्या टेम्पोत कलिंगडंच कलिंगडं असतात आणि फोनवर प्रश्नही तेच तेच येतात, शुगर आहे खाऊ का, रंगाचं इंजेक्शन दिलेलं तर नाही ना, फ्रिजमध्ये ठेवू का. गर्दीत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा हा कागद पिशवीत टाकतोय, निवांत वाचा.

कलिंगडात साधारण 92 टक्के पाणी असतं आणि 100 ग्रॅम गरात जेमतेम 30 कॅलरी, म्हणजे मोठी वाटी भरून खाल्लंत तरी एका चपातीपेक्षा कमीच. उन्हातून आल्यावर चार फोडी खाल्ल्या की बरं वाटतं ते उगाच नाही, पाणी, थोडी साखर आणि थोडं पोटॅशियम एकदम मिळतं. पण सोडियम त्यात जवळपास नाहीच आणि घामातून तर मीठ जातं, म्हणून शेतात, साइटवर, डिलिव्हरीला दिवसभर उन्हात राबणाऱ्यांनी फोडींवर चिमूटभर मीठ टाकून खावं (बीपीवाल्यांनी हे करू नये) आणि पाणी वेगळं प्यावंच. जुलाब-उलट्या होत असतील तर ओआरएसच घ्या, कलिंगडावर भागवू नका प्लीज.

लाल रंग येतो लायकोपीनमुळे. टोमॅटोचा रंगही त्याचाच, पण कच्च्या टोमॅटोपेक्षा चांगल्या पिकलेल्या लाल कलिंगडात ते सहसा जास्तच सापडतं, आणि हे एक चांगलं अँटिऑक्सिडंट आहे. फिकट गुलाबी फळात कमी, पिवळ्या गराच्या जातीत तर अगदीच थोडं. व्हिटॅमिन सी आहे पण पेरू-आवळ्यापुढे काहीच नाही, त्यासाठी कलिंगड घेऊ नका.

आम्हाला सगळ्यात भारी वाटतं ते सिट्रुलीन नावाचं अमिनो आम्ल. 1914 साली जपानमध्ये हे कलिंगडाच्या रसातूनच पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. शरीर त्याचं आर्जिनिन हे दुसरं अमिनो आम्ल बनवतं, त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैल व्हायला मदत होते. काही छोट्या अभ्यासांत बीपी थोडं उतरलेलं दिसलंय, पण त्यातल्या बऱ्याच जणांना कलिंगडाचा अर्क किंवा पूरक गोळ्या दिल्या होत्या, रोजच्या चार फोडी नव्हे. त्यामुळे कलिंगड आवडीने खा, पण बीपीची गोळी बंद करू नका, आम्ही फळवाले आहोत, डॉक्टर नाही. आणि हो, सिट्रुलीन सालीलगतच्या पांढऱ्या भागातही असतं, हिरवी साल काढून तो किसा आणि थालीपिठात किंवा घावनाच्या पिठात घाला, मुलांना कळतही नाही.

शुगरवाल्यांसाठी : कलिंगडाचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झटपट वाढते त्याचा आकडा) 70 च्या वर सांगतात ते ऐकून लोक घाबरतात, पण 100 ग्रॅममध्ये कार्बोहायड्रेट साडेसात ग्रॅमच असतं, म्हणून एक छोटी वाटी सहसा चालते, तरी खाऊन मीटरवर बघा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा. ज्यूस मात्र नकोच, एका मोठ्या ग्लासात अर्धा किलो गर सहज जातो म्हणजे 30 ग्रॅम साखर, वरून घातलेली वेगळीच. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे किती खायचं ते आधी विचारून घ्या. ज्यांना फळांनी गॅस होतो त्यांनी एका बैठकीत अर्धं फळ संपवू नये, त्यात फ्रुक्टोज बरंच असतं.

आता इंजेक्शनचं. आतून गर फाटलेला, मधे पोकळी दिसली की लोक थेट फोटो पाठवतात. ती पोकळी परागीभवन नीट न झाल्याने किंवा हवामान बदलल्याने पडते, भेसळीने नाही. शंका असेलच तर फोडीवर कापूस घासा, एफएसएसएआयनेही (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) हीच साधी टेस्ट सांगितलीय, कापूस लालभडक झाला तर खाऊ नका. आणि कार्बाइडची (फळं पिकवायच्या पावडरीची) भीती तर काढूनच टाका, कलिंगड वेलीवरच पिकतं, तोडल्यावर गोडी वाढत नाही. म्हणूनच आम्ही घेताना जमिनीला टेकलेला डाग बघतो, तो पिवळसर हवा, पांढराफटक नको.

अख्खं फळ फ्रिजमध्ये कोंबू नका, बाहेर सावलीत ठेवा, खायच्या आधी गार करा. आंब्याच्या पेटीशेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या आंब्यातून जो इथिलीन वायू सुटतो त्याने कलिंगडाचा गर मऊ, पाणचट होतो. कापायच्या आधी साल धुवायचीच, नाहीतर सुरीबरोबर बाहेरची माती आत जाते. कलिंगडात आंबटपणा कमी म्हणून कापल्यावर जंतू पटकन वाढतात, दोन तासांत फ्रिजमध्ये झाकून ठेवा, आणि लहान मुलांना रस्त्यावरच्या उघड्या प्लेटा खरंच देऊ नका.

बिया फेकू नका, धुवून वाळवून भाजा, प्रोटीन चांगलं असतं.

फळ कच्चं किंवा आंबलेलं निघालं तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो टाका, पुढच्या फेरीला बदलून देतो, त्यासाठी बिल लागत नाही.