सावंतवाडी
सावंतवाडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे शहर सह्याद्रीच्या पायथ्याशी, आंबोली घाट आणि वेंगुर्ले बंदर यांना जोडणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. जुने नाव सुंदरवाडी. आसपासचे लोक मात्र नुसते ‘वाडी’ म्हणतात. नरेंद्र डोंगराच्या सान्निध्यातील या गावाची ओळख मोती तलावाने घडवली. सध्याच्या रूपातील हे तळे १८७४ मध्ये बांधले गेले. एका काठाला राजवाडा आणि दुसरीकडे बाजारपेठ असल्याने संस्थानाचा दरबार व गावाचा व्यवहार एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहिले.

येथील सावंत भोसले घराण्याला पोर्तुगीज, आंग्रे, कोल्हापूरकर आणि इंग्रज अशा प्रबळ शेजाऱ्यांमध्ये आपले राज्य टिकवावे लागले. १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेल्याने संस्थानाचे महत्त्वाचे बंदर हातचे गेले आणि १८३८ मध्ये कारभारही कंपनीने ताब्यात घेतला. पुढे पाचवे खेम सावंत ऊर्फ बापूसाहेब महाराज (१८९७–१९३७) यांच्या कारकिर्दीला लोकांनी रामराज्य म्हटले. शहरात आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि १९८१ पासून ते सिंधुदुर्गात आहे.

राजसत्ता गेली तरी तिच्या आश्रयाने वाढलेली कला उरली. चितारी म्हणजे रंगकाम करणाऱ्या कारागिरांच्या चितारआळीतील कारागीर पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडापासून खेळणी, भातुकली आणि पाट तयार करतात. तेथील रंगीत लाकडी फळे तर हुबेहूब असतात. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा जुना खेळ, हा त्याहून नाजूक प्रकार. चिंचोक्याची खळ लावून कडक केलेल्या कापडाची किंवा कागदाची गोल पाने हाताने रंगवून त्यांवर लाखेचा लेप देतात. दशावतारी संचात विष्णूच्या दहा अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे एकूण १२० पाने असतात आणि प्रत्येक अवताराचा राजा व प्रधान वेगळा असतो. छापील पत्त्यांपुढे हा खेळ मागे पडला, तेव्हा राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच कारागिरांना बसवून ही कला पुन्हा उभी केली. या कामाचे मोल मोठे आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ती हातात जपली ती चितारी कुटुंबांनी, हेही तितक्याच ठळकपणे नोंदवले पाहिजे.

शहरात १९६१ पासून श्री पंचम खेमराज महाविद्यालय आहे. आजाद हिंद सेनेतील जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या नावाचे उद्यानही शहरात आहे. संध्याकाळी तळ्याच्या कठड्यालगत फिरणाऱ्यांची वर्दळ असते. भाद्रपदात माटवीखाली (फळाफुलांनी सजवून वर टांगलेल्या चौकटीखाली) पुजलेले घरोघरचे गणपती याच तळ्यात विसर्जित होतात आणि त्या रात्री राजवाड्यासमोरचा सारा काठ माणसांनी भरून जातो.