जुन्या गाडीतला इग्निशनचा फॉल्ट शोधणे

जुनी पेट्रोल गाडी सुरू होत नाही, चालता चालता बंद पडते किंवा मिसिंग करते (एखादा सिलेंडर मधूनमधून पेटत नाही), तेव्हा स्पार्क प्लगपर्यंत (सिलेंडरमधे ठिणगी पाडतो तो) करंट पोचतोय का आणि नसेल पोचत तर नेमका कुठे अडकलाय हे क्रमाने शोधणं म्हणजे इग्निशनचा फॉल्ट काढणं. इथे जुनी गाडी म्हणजे पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे इंजिनबरोबर उघडमीट करून कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), अँबॅसडर, फियाट, पद्मिनी, हेराल्ड वगैरे. बडोद्यात या गाड्या अजून बऱ्याच आहेत, दांडिया बाजार रावपुरा भागात कुणाच्या ना कुणाच्या पोर्चमधे कव्हर घातलेली आजोबांची गाडी दिसतेच, आणि जानेवारी २०२३ मधे लक्ष्मी विलास पॅलेसवर व्हिंटेज गाड्यांचा मोठा शो झाला तेव्हापासून घरच्या घरी बॉनेट उघडून बसणारी तरुण मुलंही दिसायला लागली, ज्याचा मला मनापासून आनंद आहे.

मेकॅनिक लोक डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या भागाला, डेल्को म्हणतात. हे खरं तर कंपनीचं नाव. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मधे डेटन शहरात काढलेली कंपनी, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून डेल्को झालं. बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची ही पद्धत केटरिंगच्या नावानेच ओळखली जाते, आणि ती पुढे साठ-सत्तर वर्षं जगभरच्या गाड्यांत जवळपास तशीच राहिली.

काम कसं चालतं ते एकदा डोक्यात बसलं की फॉल्ट शोधणं निम्मं सोपं होतं. किल्ली फिरवली की बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमधे जातात, तिथून डेल्कोतल्या पॉइंटवर, आणि पॉइंट मिटलेला असेल तर बॉडीला अर्थ होतात, म्हणजे गाडीच्या लोखंडातून परत बॅटरीकडे जातात. या वेळात कॉइलमधे चुंबकत्व भरतं. शाफ्टच्या कॅमने पॉइंट उघडला की ते चुंबकत्व एकदम कोसळतं आणि कॉइलच्या आतल्या बारीक तारेच्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात, ते मधल्या जाड वायरीने डेल्कोच्या झाकणात, म्हणजे कॅपमधे येतात, आत फिरणारा रोटर ते पाळीपाळीने चारही प्लगला वाटतो. चार सिलेंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतो. कंडेन्सर छोटासा डबा दिसतो पण त्याच्याशिवाय पॉइंटवरच ठिणगी उडून करंट वाया जातो, प्लगला काही उरत नाही.

आता तपासणी. गाडी बंद पडली की आधी ठरवायचं, पेट्रोल की करंट. आपल्याकडे सगळ्यांचा हात पहिला कार्ब्युरेटरवर जातो, कचरा आला असेल म्हणून, आणि चालू असलेला कार्ब्युरेटर उगीच खोलला जातो. त्याऐवजी कॅपमधली मधली वायर काढा, तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून साधारण ६ मिलीमीटरवर धरा (इन्सुलेटेड पकडीने, नुसत्या हाताने नाही, पेट्रोल गळत असेल तर मुळीच नाही, आणि ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याने जवळसुद्धा जाऊ नये) आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, चट् चट् आवाज करणारी ठिणगी पाहिजे. अशी ठिणगी येत असेल आणि प्लगला येत नसेल तर फॉल्ट कॅपमधे, रोटरमधे किंवा प्लगच्या वायरीत. पिवळट बारीक ठिणगी असेल तर कंडेन्सर, पॉइंट, कॉइल.

काहीच येत नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी घ्या, मीटर नसला तरी चालतं. एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या स्विचकडच्या टोकाला, किल्ली ऑन, बल्ब लागला पाहिजे. नाही लागला तर स्विच किंवा वायरिंग. लागला तर तीच वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला लावा आणि सेल्फ मारा. पॉइंट उघडला की बल्ब लागतो, मिटला की विझतो, म्हणजे लुकलुकला पाहिजे. सतत लागून राहिला तर पॉइंट मिटत नाहीये, काळा पडलाय किंवा अर्थ तुटलाय. सतत विझलेला असेल तर पॉइंट उघडतच नाहीये, डेल्कोतली वायर नाहीतर कंडेन्सर बॉडीला शॉर्ट आहे, किंवा कॉइलच आतून तुटली आहे. या एका बल्बने मी आजवर सगळ्यात जास्त फॉल्ट काढलेत.

आमच्या घरच्या अँबॅसडरचं सांगतो. उभी असताना छान चालायची, ॲक्सिलरेटर दिला की आचके खाऊन बंद. एका गॅरेजमधे कॉइल बदलली, प्लग बदलले, कंडेन्सर बदलला, ‘करंट नथी आवतो’ एवढंच ऐकून घरी आलो. शेवटी काकांनी आणि मी कॅप काढून टॉर्चच्या उजेडात पॉइंटची प्लेट बोटाने हळूच फिरवली. त्या प्लेटला कापडी आवरणाची एक आखूड अर्थ वायर असते. आवरण एकदम शाबूत, पण चिमटीत धरून वाकवलं तर आतली तांब्याची तार तुटलेली, टोकं नुसती एकमेकांना टेकलेली. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनच्या व्हॅक्यूमने प्लेट सरकायची आणि टोकं सुटायची. दोन इंचांची मऊ वायर डाख दिली, गाडी चालली. नुसती मऊ नाही, पुष्कळ बारीक तारांचीच लागते, जाड तारेची लावली तर पुन्हा तुटते.

मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३ ला गेला की वेगळाच प्रकार सुरू होतो. वीस मिनिटं गाडी चालते, मरते, अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी चालू होते. हे गरम झालेल्या कॉइलमुळे किंवा कंडेन्सरमुळे होतं, आणि पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढेनासा झाला तरी अगदी असंच होतं. म्हणून बंद पडल्याबरोबर, तिथेच उन्हात, ठिणगी बघायची. गार झाल्यावर बघून उपयोग नाही, तोपर्यंत पुरावा गेलेला असतो.

पावसाळ्यात दोष बहुतेक कॅपचा. २०१९ आणि २०२४ मधे विश्वामित्रीचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा कित्येक गाड्या पाण्यात होत्या, पण पूर नसतानाही नुसत्या दमटपणाने कॅपच्या आत ओल धरते. कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवली की काम होतं. आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर मात्र कॅप गेली, करंटने तिथून कायमचा रस्ता केलेला असतो, पुसून जात नाही. रात्री दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा, जुन्या वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी बदला.

नवीन पार्ट म्हणजे चांगला पार्ट असं समजू नका. हल्ली मिळणारे कंडेन्सर आणि रोटर पुष्कळदा जुन्यापेक्षा कमी टिकतात, म्हणून चालत असलेला जुना काढून फेकायचा नाही, डिकीत पिशवीत ठेवायचा.

पॉइंटचा गॅप अँबॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनला ०.०१४ ते ०.०१६ इंच, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), आणि कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली बरोब्बर आलेला असताना. गॅप वाढला की टाइमिंग ॲडव्हान्स होतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते, कमी झाला की रिटार्ड, म्हणजे उशिरा, म्हणून गॅप आधी आणि टाइमिंग नंतर. प्लगच्या वायरी काढायच्या आधी त्यांना चिकटपट्टी लावून नंबर घाला. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे आणि रोटर घड्याळाच्या उलटा फिरतो, वायरी पण त्याच दिशेने लावायच्या.