हलाखा

तोरेतल्या आज्ञा प्रत्यक्ष जगण्यात कशा पाळायच्या हे ठरवणारी यहुदी आचारपरंपरा. तोरा म्हणजे हिब्रू बायबलातील उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पाच पुस्तके. तालमूद या रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, चर्चाग्रंथात रब्बी सिमलाई यांच्या नावावर दिलेल्या वचनानुसार त्यांत ६१३ आज्ञा आहेत. २४८ करण्याच्या आणि ३६५ न करण्याच्या. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. त्यामुळे यज्ञबलींच्या आणि मंदिरसेवेच्या अनेक आज्ञा आज पाळताच येत नाहीत. उरलेल्या मात्र घरात, स्वयंपाकघरात, बाजारात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलताना पाळायच्या आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला यहुदी धर्म म्हणजे सणवार आणि खाण्याची बंधने एवढेच दिसते. हलाखेत मजुरी कधी चुकती करावी आणि दुकानदाराला भाव कधी विचारू नये हेही तितक्याच गंभीरपणे ठरवलेले आहे.

ही परंपरा कशी चालते ते एका छोट्या आज्ञेवरून नीट कळते. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा घाल, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष तुझ्या घराला लागणार नाही, असे अनुवादात (२२:८) सांगितले आहे. त्या काळी लोक सपाट धाब्यावर झोपत, धान्य वाळवत, म्हणून ही तरतूद. तालमुदात रब्बी नाथान हीच आज्ञा चावऱ्या कुत्र्याला आणि डगमगत्या शिडीला लावतात. अशा वस्तू घरात ठेवू नयेत, असे ते म्हणतात. बाराव्या शतकातले धर्मपंडित मायमोनिडीझ यांनी ‘मिश्ने तोरा’ या संहितेत कठड्याची उंची दिलीच, शिवाय अंगणातली उघडी विहीर आणि जिवाला धोका असलेली प्रत्येक गोष्ट या आज्ञेखाली आणली. आजचे रब्बी याच वचनाच्या आधारे पोहण्याच्या तलावाभोवती कुंपण घालायला सांगतात. मूळ वाक्य तेच राहिले. ‘हे कोणाला वाचवण्यासाठी आहे?’ हा प्रश्न प्रत्येक पिढीने आपापल्या घरात उभे राहून विचारला. माझ्या मते हलाखेचे खरे बळ या विचारण्यात आहे.

लिखित तोरेबरोबर मौखिक परंपराही देवाकडून सिनाय पर्वतावरच मिळाली, अशी रब्बींची धारणा आहे. ही मौखिक परंपरा इ.स. २०० च्या सुमारास यहूदा हनासी यांनी मिश्नात संकलित केली. मिश्नावरील चर्चेतून तालमूद तयार झाला. त्याची बॅबिलोनी आवृत्ती सहाव्या शतकाच्या आसपास आकाराला आली आणि व्यवहारात तीच प्रमाण मानली जाते. पुढे योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरूख’ हा आचारसंग्रह १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. कारो सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या यहुदींच्या, रिवाजाने लिहीत होते, म्हणून क्राकूच्या मोशे इस्सेर्लेस यांनी त्यात अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय यहुदींच्या, रिवाजांच्या टिपा घातल्या. दोघांचा मजकूर आजही एकाच पानावर छापतात आणि मतभेद तसेच्या तसे वाचकापुढे ठेवतात. नवा प्रश्न उभा राहिला की तो रब्बीला लिहून विचारायचा आणि रब्बीने आधारांसह लेखी उत्तर द्यायचे, हा रिवाज हजारभर वर्षांचा आहे. विसाव्या शतकात न्यूयॉर्कमधील मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) आणि इझ्राएलमधील ओवाद्या योसेफ (१९२०–२०१३) यांच्या अशा उत्तरांचे खंडच्या खंड झाले.

हलाखेचा सर्वांत दाट विणलेला भाग शब्बाथचा आहे. शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होऊन शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत हा विश्रामदिन चालतो. दहा आज्ञा तोरेत दोनदा येतात आणि शब्बाथचे कारण दोन्ही ठिकाणी वेगळे दिले आहे. निर्गमात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून, तर अनुवादात तू मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतास हे आठव म्हणून. दुसऱ्या ठिकाणी तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, असे स्पष्ट म्हटले आहे. आज्ञेत गुराढोरांचाही समावेश आहे. शुक्रवारी रात्री द्राक्षारसाच्या पेल्यावर म्हणायच्या किद्दूश प्रार्थनेत सृष्टीची आणि मिसरातून सुटकेची, अशा दोन्ही आठवणी येतात.

‘काम करू नको’ एवढेच तोरा सांगते. काम म्हणजे काय, याचे उत्तर मिश्नाने ३९ प्रकारांत दिले. रानातला निवासमंडप, म्हणजे मिसरातून निघाल्यावरचा उपासनेचा तंबू, उभारायला जी कामे लागली त्यांवरून ही यादी ठरली. नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, दळणे, भाजणे, कातणे, विणणे, दोन अक्षरे लिहिणे, बांधणे, पाडणे, अग्नी पेटवणे व विझवणे, खासगी जागेतून सार्वजनिक जागेत वस्तू नेणे वगैरे. यात श्रम किती पडले याला महत्त्व नाही. घरातल्या घरात जड टेबल सरकवले तर शब्बाथ मोडत नाही, कागदावर दोन अक्षरे लिहिली तर मोडतो. मनुष्य जगात हेतुपूर्वक जो बदल घडवतो, तो एक दिवस थांबवायचा.

म्हणून शुक्रवारची दुपार पाळणाऱ्या घरांत घाईची असते. सूर्यास्ताच्या आधी, बहुतेक ठिकाणी १८ मिनिटे आणि जेरुसलेममध्ये ४० मिनिटे, घरातील स्त्री दिवे लावते. मांस, कडधान्य आणि धान्य यांचे भांडे मंद आचेवर आधीच चढवलेले असते. पूर्व युरोपीय यहुदी त्याला चोलेंट म्हणतात, सेफार्दी हमीन. आच नवी पेटवायची नाही, पण आधीच पेटलेल्या आचेवर शिजलेले गरम अन्न खायला हरकत नाही. शनिवारी रात्री द्राक्षारस, सुगंधी मसाला आणि अनेक वातींची मेणबत्ती घेऊन हव्दाला, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याचा विधी, करतात आणि आठवडा पुन्हा सुरू होतो.

विजेने या चौकटीत मोठा वाद आणला. जुन्या बल्बमधली तप्त तार हा अग्नीच, असे बहुतेकांनी ठरवले. विजेचे मंडल (सर्किट) पूर्ण करणे हे ‘बांधणे’ आहे, असे हझोन इश या नावाने ओळखले जाणारे अब्राहम येशाया कारेलिट्झ (१८७८–१९५३) यांचे मत. जेरुसलेमचे श्लोमो झाल्मान आउअरबाख (१९१०–१९९५) यांनी एकेक कारण तपासले. तार तापत नसेल तर बटण दाबण्यात तोरेचा भंग होतो असे त्यांना सिद्ध होईना, तरी रूढ झालेली मनाई सोडू नये असे त्यांनी सांगितले. बटण दाबायचे नाही यावर सनातनी (ऑर्थोडॉक्स) रब्बी जवळपास एकमत आहेत, का दाबायचे नाही यावर नाहीत. आजारी माणसाला एखादे उपकरण चालू करून देता येईल का, असा प्रश्न आला की या ‘का’वरच उत्तर अवलंबून असते. दिवे वेळेवर आपोआप लागावेत म्हणून आधी लावून ठेवायचे घड्याळ, बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर थांबणारी शब्बाथ लिफ्ट, इझ्राएलमधील झोमेट संस्थेने रुग्णालयांसाठी व अपंगांसाठी घडवलेली उपकरणे ही सगळी याच विचारातून आली.

जीव वाचवायचा असेल तेव्हा मात्र चर्चेला जागा नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकात सेल्युसिड या ग्रीक राजवंशाच्या सैन्याने शब्बाथच्या दिवशी हल्ला केला तेव्हा काही यहुदींनी हत्यार उचलले नाही आणि ते मारले गेले. त्यानंतर यहुदी बंडाचा नेता मत्ताथियास व त्याच्या साथीदारांनी शब्बाथलाही स्वसंरक्षण करायचे ठरवले. तालमुदाने लेवीयातील (१८:५) ‘या नियमांनी मनुष्याने जगावे’ हे वचन घेतले आणि त्या नियमांपायी मरावे असे नाही, असा अर्थ लावला. रुग्णासाठी शब्बाथ मोडण्याचे काम लहान मुलांवर किंवा परधर्मीयांवर न टाकता समाजातल्या जाणत्यांनी स्वतः करावे, असे मायमोनिडीझ सांगतात. लोकांना ते पाप वाटू नये, कर्तव्य वाटावे, असा त्यामागचा हेतू भाष्यकार सांगतात. आज रुग्णवाहिका चालवणारा सनातनी यहुदी शनिवारी फोन उचलतो तो नियमाला अपवाद म्हणून नव्हे, त्या दिवशी त्याच्यासाठी नियमच तो आहे.

अन्नाचे नियम अधिक परिचित आहेत. रवंथ करणारी व दुभंगलेल्या खुरांची जनावरे, पर आणि खवले दोन्ही असलेले मासे, विधिपूर्वक कत्तल, रक्त वर्ज्य. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे वाक्य तोरेत तीनदा येते आणि त्यावरून मांस व दुग्धपदार्थ वेगळे ठेवण्याचा, त्यांची भांडीही वेगळी ठेवण्याचा नियम आला. मांस खाल्ल्यावर दुधासाठी किती थांबायचे याचे उत्तर सर्वत्र सारखे नाही : बहुतेक ठिकाणी सहा तास, जर्मन यहुदींत तीन, डच यहुदींत एक.

पैशाच्या आणि बोलण्याच्या आज्ञांकडे त्या मानाने कमी लक्ष जाते, आणि ते बरोबर नाही. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताचे कोपरे गरिबांसाठी न कापता सोडायला सांगितले आहे. मजुराची मजुरी रात्रभर अडवू नये, आंधळ्यापुढे धोंडा ठेवू नये, वजनेमापे खरी ठेवावीत हेही तिथेच आहे. रोजाने आलेल्या माणसाचे पैसे कधीपर्यंत द्यायचे याच्या मुदती मिश्नाने ठरवल्या आणि त्या आज घरकाम करणाऱ्या बाईला आणि मुले सांभाळणाऱ्या मुलीलाही लागू होतात. घ्यायचीच नाही त्या वस्तूचा भाव विचारू नये, असेही मिश्ना म्हणते, कारण विकणाऱ्याच्या मनात उगाच आशा जागते. दानाच्या आठ पायऱ्या मायमोनिडीझ यांनी लावल्या. सर्वांत वरच्या पायरीवर कर्ज देणे, भागीदारीत घेणे किंवा काम मिळवून देणे हे आहे, म्हणजे घेणाऱ्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. बोलण्याविषयी इस्राएल मेइर कागान यांनी १८७३ मध्ये ‘हाफेत्झ हाईम’ हा ग्रंथ काढला. दुसऱ्याविषयीची वाईट गोष्ट खरी असली तरी ती सांगणे निषिद्ध आहे, हा त्याचा गाभा. सोयरीक जुळवताना किंवा भागीदार निवडताना खरोखर नुकसान टळणार असेल, तर नेमके तेवढेच आणि द्वेष न ठेवता सांगावे, अशा कडक अटींवर मोकळीक आहे. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पुढे पाठवावा का, या प्रश्नाला याच अटी लावतात.

महाराष्ट्राशी हलाखेचा संबंध बेने इस्रायल समाजामुळे येतो. या समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याजवळ तालमूद नव्हता. आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विसावा, पर-खवल्यांचे मासे, नव्याचा सण (यहुदी नववर्ष) आणि दारफळणीचा सण (प्रायश्चित्ताचा दिवस) यांसारखे काही उपास-सण आणि ‘शेमा इस्रायल’ ही घोषणा एवढे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. ग्रंथ हाताशी नसताना एखादा समाज नुसत्या आचारावर इतका काळ टिकला, हे हलाखेच्या इतिहासातले फार मोलाचे उदाहरण आहे.

पुढे कोचीनच्या यहुदी शिक्षकांकडून त्यांना रब्बींची परंपरा मिळाली. मुंबईतील शाआर हारहामीम हे सभास्थान सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारले. समाजात ते जुनी मशीद म्हणून ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात प्रार्थना मराठीत आल्या, वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली, तोरेतल्या कथांवर कीर्तने होऊ लागली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी केलेली प्रार्थनाग्रंथांची भाषांतरे या कामात अग्रभागी आहेत.

स्वयंपाकात नारळाने मोठी अडचण सोडवली : मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घातले की दूध-मांस एकत्र येण्याचा प्रश्नच उरत नाही. कोशर, म्हणजे हलाखेला चालणारा, द्राक्षारस मिळत नसे, तेव्हा काळ्या मनुका भिजवून काढलेल्या सरबतावर किद्दूश म्हणत. मनुकांच्या रसावर किद्दूश चालतो, असे तालमुदातच मान्य केले आहे. नवस फेडताना, लग्नात किंवा गृहप्रवेशाला एलियाहू हन्नाबी (संदेष्टा एलिया) याच्या नावाने करायचा मलिदा हा याच समाजाचा खास विधी. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे ताटात मांडतात. मलिदा तालमुदात नाही, पण ताटातल्या झाडाच्या फळावर एक आणि जमिनीतून येणाऱ्या फळावर दुसरा, असे आशीर्वाद मात्र हलाखेप्रमाणे म्हटले जातात.

हलाखा कधी माणसांना दुखावतेही, आणि याच समाजाने ते सोसले आहे. इझ्राएलला गेलेल्या बेने इस्रायलांचे घटस्फोट व विवाह पूर्वी हलाखेप्रमाणे झाले होते का, अशी शंका काढून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश मुख्य रब्बीमंडळाने दिले. इतर कुठल्याही यहुदीला न विचारले जाणारे प्रश्न कोकणातून आलेल्यांना विचारले गेले. समाजाने मोठे आंदोलन केले आणि १९६४ मध्ये संसदेने हस्तक्षेप केल्यावर निर्देशातून बेने इस्रायलांचा वेगळा उल्लेख काढण्यात आला.

आधुनिक काळात यहुदींचे पंथ हलाखेवरूनच वेगळे झाले. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी १८८५ च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात आहारनियम बंधनकारक नसल्याचे सांगितले. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथ हलाखा मानतो, पण १९५० मध्ये त्याच्या रब्बींच्या समितीने शब्बाथला सभास्थानात जाण्यापुरती मोटार चालवायला परवानगी दिली. सनातनी पंथाने दोन्ही नाकारले.

आज सर्वांत अवघड ठरलेला प्रश्न घटस्फोटाचा आहे. हलाखेप्रमाणे घटस्फोटपत्र नवऱ्याने स्वेच्छेने द्यावे लागते. त्याने अडवून धरले तर ती स्त्री अगुना, म्हणजे बांधलेली, राहते आणि तिला पुनर्विवाह करता येत नाही. अकराव्या शतकापासून अश्केनाझी समाजात बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट देण्यास मनाई झाली, तरी उलट बाजूचा अडसर गेला नाही. इझ्राएलने १९९५ मध्ये कायदा करून अशा नवऱ्याचा वाहन परवाना, पारपत्र, बँक खाते यांवर निर्बंध घालण्याचे आणि त्याला तुरुंगात ठेवण्याचेही अधिकार रब्बी न्यायालयांना दिले. अमेरिकेत सनातनी रब्बींनी लग्नाआधीच करायचा एक करार तयार केला आहे. त्यानुसार जोडपे वेगळे झाल्यावर घटस्फोटपत्र देईपर्यंत नवऱ्याला बायकोच्या पोषणासाठी दर दिवसाची ठरलेली रक्कम द्यावी लागते. नवऱ्याने बायकोला पोसावे हे बंधन हलाखेतच असल्यामुळे या रकमेला हलाखेचाच आधार मिळतो.