पत्र्याआडचा पोकळ वासा

मेव्हण्यानं हौसेनं एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. गाडीमागे ओढून न्यायची, चाकांवरची खोली. बाणेरच्या अंगणात तो चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा डबा उभा राहिला आणि गल्लीनं त्याच्यापुढे फोटो काढून घेतले. जुलैची झड लागली तसा आत कुबट वास सुटला. ‘पावसाळ्यात कपाटालाही येतो,’ असं मेव्हण्याचं मत.

मिस्त्री आले आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं भिंत ठोकत निघाले. टक, टक, टक, आणि मागच्या खिडकीखाली एकदम भद. तिथे टोचा टेकवला, तर लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत. “दादा, भिंत नुसत्या पत्र्यावर उभी आहे बघा.” ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण इतकी शब्दशः मी पहिल्यांदाच पाहिली.

1950-60च्या दशकांत अमेरिकेत असे अनेक ट्रेलर एकाच रीतीनं बनत: बारीक लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आतून पातळ प्लाय, बाहेरून पत्रा. लाकूड दोन्हीकडून कोंडलेलं. सांध्यातलं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लेप, जुनं होऊन तडकलं की केसाएवढ्या फटीतून पाणी शिरतं आणि पट्टी धरून खाली उतरतं. गळतं छपराशी, कुजतं पायाशी. पाऊस नसला तरी सुटका नाही. डिसेंबरच्या निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्याच्या आतल्या अंगाला दव होऊन बसते.

लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली असेल, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. साधारण 30 टक्क्यांना पेशींच्या भिंती पाण्यानं तुडुंब होतात आणि तिथून पुढे तिचं राज्य. त्यात पंचवीस-तीस अंशांची उबदार हवा, म्हणजे पुण्याचा श्रावणच.

तपकिरी कूज करणाऱ्या बुरशीची युक्ती मला फार आवडते. लाकडाची ताकद सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांत असते. त्या तोडणारी विकरं (एन्झाइम) आकारानं मोठी, पेशीभित्तिकेच्या सूक्ष्म छिद्रांत ती मावत नाहीत. म्हणून बुरशी आधी छोटे रेणू पाठवते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह एकत्र आले की हायड्रॉक्सिल मूलक नावाचा अतिशय आक्रमक कण तयार होतो आणि समोर येईल ती साखळी तोडतो. हीच अभिक्रिया फेंटन या रसायनशास्त्रज्ञानं 1894 मध्ये प्रयोगशाळेत नोंदवली होती. साखळ्या मधेच तुटतात, पण तुकडे जागेवरच राहतात. त्यामुळे वजन जेमतेम पाच-दहा टक्के घटतं तोवर आघात सोसण्याची ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असू शकते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे उलट, सुंभ जागेवर आणि पीळ गायब.

पत्रा सोडवल्यावर चौकोनी भेगांचं लाकूड दिसलं. बोटांत चुरलं तर अक्षरशः तपकीर.

मेव्हण्याला इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर कडक होणारा गोंद, ओतून मोकळं व्हायचं होतं. मिस्त्रींनी बाटली काढून घेतली, आणि बरोबरच केलं. ओल्या लाकडावर इपॉक्सी म्हणजे ओल आत कोंडणं. आधी पाण्याची वाट बंद करायची: जुनं सीलंट खरवडून ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. मग सुकवणं. ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया लाकडात टोचतात. ओलं लाकूड वीज जास्त वाहू देतं, त्यावरून आकडा मिळतो. तो पंधराखाली यायला तीन आठवडे गेले.

कापायचं ते कूज दिसेनाशी होते तिथे नाही, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हातभर पुढे. बुरशीचे तंतू न दिसता पुढे गेलेले असतात. उरलेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिकचं पाणी पाजलं. कॅरम बोर्डावर भुरभुरतो तीच बोरिक पावडर. पावसात ती धुपून जाते, पण पत्र्याआड टिकते.

नव्या पट्ट्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणल्या, सागाच्या. फिकट कडेचा तुकडा मिस्त्रींनी बाजूला टाकला. सागाची कीर्ती आहे ती गाभ्याची. बाहेरचं फिकट लाकूड इतर लाकडांसारखंच कुजतं. सांधा तिरका, जाडीच्या आठपट लांब: दोन सेंटीमीटरच्या पट्टीला सोळा सेंटीमीटर उतार, गोंद धरायला भरपूर जागा.

शेवटी मेव्हणा बाहेरून नळीनं पाणी मारत होता, मी आत बॅटरी घेऊन उकिडवा. मागची खिडकी कोरडी ठणठणीत. अर्ध्या तासानं छपरावरच्या दिव्याच्या वायरीशी एक थेंब लोंबताना दिसला.