पडला, पाडला, पाडून घेतला

कुळागरात, म्हणजे आमच्या नारळ-सुपारीच्या बागेत, पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) येतो त्या दिवशी आई सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसते. माडावरून नारळ धपाधप पडतात, पोरं ते गोळा करतात. माझ्या नववीतल्या मुलीने यावर इंग्रजीत निबंध लिहिला आणि पहिल्याच ओळीत म्हटलं, 'माय ग्रँडमदर प्लक्ड द कोकोनट्स.' इंग्रज वाचकाला ७५ वर्षांची आजी स्वतः माडावर चढलेली दिसेल.

मुलीला चूक कळेना, आणि त्यात तिचा दोष नाही. 'मी केस कापले', 'काकांनी घर बांधलं' असं आपण सर्रास म्हणतो; न्हावी आणि गवंडी ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असतात. इंग्रजीत ते सहसा समजून घेतले जात नाहीत. तिथे 'हॅड द कोकोनट्स प्लक्ड' असं सांगावं लागतं.

पाडेली या शब्दातच खरं तर सगळं व्याकरण आहे. नारळ आपसूक 'पडतो'. स्वर लांबवला की कोणीतरी तो 'पाडतो'. मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे ही याच घरातली. यांना प्रयोजक क्रियापदं म्हणतात. संस्कृतात 'पतति'चं 'पातयति' होतं, तिथून ही रीत आपल्याकडे आली.

इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही अशीच सोय होती. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड तोडून पाडणे (नापास होण्याचा 'फेल' वेगळा). मूळ धातूला 'य'चा प्रत्यय लागे. तो पुढे झिजून गेला, पण जाण्याआधी शेजारचा स्वर बदलून गेला. सिट-सेट, राइज-रेझ या जोड्याही तशाच. 'सेट'मधला हरवलेला 'य' आणि संस्कृत 'सादयति'मधला (बसवतो) 'अय' एकाच मूळ प्रत्ययाची लेकरं आहेत, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हरखून गेलो होतो.

या नात्याचा सुगावा गोव्यात फार लवकर लागला होता. १५८३ साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने इथून भावाला पत्र लिहिलं, त्यात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांचं हेच नातं मांडणारं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण त्यानंतर दोन शतकांनी, १७८६ मधलं. स्टीफन्सनेच लिहिलेलं कोकणीचं व्याकरण १६४० मध्ये गोव्यातच, राशोलला छापलं गेलं.

आजची इंग्रजी मात्र हे काम वेगळ्या शब्दांवर सोपवते. 'मेक' म्हणजे करायला लावणे, 'हॅव' म्हणजे सांगून करवून घेणे, 'गेट' म्हणजे गळ घालून करून घेणे, 'लेट' म्हणजे करू देणे. शाळेत हे चौघे एकाच तक्त्यात कोंबतात, ते मला पटत नाही. कोणाचा कोणावर किती अधिकार चालतो हे त्यांतून कळतं, आणि शिकवायचं तेच. 'गेट'नंतर कर्ता आला की 'टु' लागतो, 'मेक'नंतर लागत नाही, हे सरावाने येतं.

मुलीने वाक्य पुन्हा लिहिलं. आधी 'मेड' घातलं, मग खोडलं. पाडेली हल्ली सहज मिळत नाही, आजीने त्याला तीनदा फोन केला होता, हे तिला आठवलं. तिने 'गॉट हिम टु प्लक' लिहिलं.