रेडिएटरचे जुने जोड सोडविणे

थंड देशांतील जुन्या इमारतींत खोली तापविण्यासाठी वाफेवर किंवा गरम पाण्यावर चालणारे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) रेडिएटर असतात. ते अनेक उभे खण एकमेकांना जोडून बनविलेले असतात. त्यांचे गंजून बसलेले जोड (नळ व रेडिएटर जोडणारे युनियन, भोक लहान करणारे बुश, भोक बंद करणारे प्लग, खण जोडणाऱ्या आखूड नळ्या म्हणजे निपल) मूळ ओतीव भाग न फोडता काढण्याचे काम येथे विचारात घेतले आहे. मोटारीच्या रेडिएटरशी या नोंदीचा संबंध नाही.

खोली तापविणाऱ्या रेडिएटरचा जनक कोण, यावर एकमत नाही. सेंट पीटर्झबर्गचे कारखानदार फ्रांट्स सान-गाल्ली यांनी तो १८५५-५७ च्या सुमारास बनविला, हे मत अधिक प्रचलित आहे. अमेरिकेत स्टीव्हन गोल्ड यांना १८५४ मध्ये लोखंडी पत्रे रिव्हेटने जोडलेल्या तापकाचे पेटंट मिळाले होते, म्हणून काहीजण अग्रमान त्यांना देतात. जोडांचा विचार करता मात्र जोसेफ नेसन व रॉबर्ट ब्रिग्ज यांची १८६३ च्या सुमाराची रचना अधिक महत्त्वाची मानावी लागते. तीत घडीव लोखंडाच्या उभ्या नळ्या बिडाच्या बैठकीत आट्यांनी बसविल्या होत्या. आट्यांत गंज चढण्याचा प्रश्न या मांडणीबरोबरच आला. पुढे नेल्सन बंडी यांच्या १८७० च्या दशकातील रचनेने ओतीव लोखंडी रेडिएटर रूढ केले.

युनियनची रेडिएटरकडची बाजू आतून पकडावी लागते, कारण बाहेर पाना बसण्याइतकी जागा नसते. तिच्या पोकळीत दोन लहान उंचवटे असतात. पायऱ्यापायऱ्यांची चावी आत घालून त्यांवर जोर देतात. जुन्या जोडात हे उंचवटे पुष्कळदा तुटतात. तेव्हा करवतीचे नुसते पाते फडक्यात धरून आतून दोन-तीन खाचा पाडाव्या, आट्यांचे माथे दिसू लागताच थांबावे आणि छिन्नीने तो तुकडा आतल्या बाजूस दुमडावा. बिडाच्या आट्याला पाते लागले, तर नवा जोड गळतो. निघालेल्या आट्यांत गळती रोखण्यासाठी गुंडाळलेला, सफेदा (शिशाचा पांढरा रंग) लावलेला ताग तपकिरी केसांसारखा कडक झालेला दिसतो.

उष्णता द्यावी की नाही, यावर कारागिरांत मतभेद आहेत. तापविल्यास जोडाचे पितळ रेडिएटरच्या बिडापेक्षा जास्त फुगते. तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढल्यास २५ मिमी. व्यासाचा पितळी तुकडा सुमारे ०.०४८ मिमी. वाढतो, बिडाचे भोक सुमारे ०.०२६ मिमी. म्हणजे दोन्ही सारखे तापले, तर पकड उलट घट्ट होते. तरीही गार होताना पितळ अधिक आकसते व गंजाचा थर तुटतो, म्हणून बाहेरचा बिडाचा कडा चहूबाजूंनी सावकाश तापवून, गार होऊ देऊन मगच जोर लावण्याची पद्धत अधिक भरवशाची वाटते. गरम जोडाला मेणबत्तीचे मेण टेकविल्यास ते आट्यांत ओढले जाते. एकाच ठिकाणी ज्योत धरली, तर बीड तडकते. पाना प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा आणि दुसऱ्या पान्याने रेडिएटर धरून ठेवावा. भेदक तेल (गंजलेल्या फटींत झिरपणारे पातळ तेल) आदल्या रात्री लावतात. तेल ओले असताना ज्योत लावू नये.

खणांमधल्या निपलला एका टोकास उजवे, दुसऱ्यास डावे आटे असतात. लांब चावी आत घालून ते फिरविताच दोन्ही खण एकदम दूर होतात. म्हणूनच प्रथम कोणत्या बाजूस डावे आटे आहेत हे टोकाचा प्लग पाहून ठरवावे. वरचा व खालचा निपल आलटून पालटून थोडाथोडाच सोडावा, नाहीतर खण तिरका होऊन फुटतो. बिनआट्यांच्या, ठोकून बसविलेल्या निपलाच्या रेडिएटरांत लांब सळया काढून खणांत पाचरी मारतात.

रेडिएटरच्या जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो रंग तापविण्यापूर्वी ओला करून खरवडावा. नळावरील जुन्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असल्यास त्याला हात लावू नये.